चार घरे आणि रंगाचा एक डबा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी श्रावणातच मला सांगून ठेवले होते, की यंदा एक दिवस 'घर आणि उद्योग' या विषयावर तुम्ही बोलायचे. मी म्हटले, अहो, आमच्या घराण्यात कोणी कधी दुकान थाटले नाही. होळकरांच्या चाकरीत इकडे आलो, दफ्तरात बसलो, आणि आजही सरकारच्याच दफ्तरात बसतो. उद्योगावर मी काय बोलणार? ते म्हणाले, "तुमचे अर्धे आयुष्य सरकारी इमारतींना रंग देण्यात गेले, रंगावर बोला." हे मात्र खरे. स्थापत्याचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागलो तेव्हापासून इमारतींची देखभाल हेच माझे काम. शाळा, दवाखाने, कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स. चुन्याच्या सफेदीपासून प्लास्टिक पेंटपर्यंत सगळे प्रकार डोळ्यांखालून गेले.

म्हणून आज एका रंगाच्या कंपनीची गोष्ट सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गच्चीवर तिचा एखादा रिकामा डबा असेल, त्यात कोरफड नाही तर गवती चहा लावलेला. कंपनीचे नाव एशियन पेंट्स. रंग तर सगळेच बनवतात. पण ही कंपनी एका घराची नव्हती. चार घरांनी मिळून ती काढली, पंचावन्न वर्षे एकत्र चालवली, मग एक घर बाहेर पडले, तरी कंपनी मोडली नाही. आपल्याकडे दोन भावांत एक भिंत रंगवायची म्हटली तरी वर्षानुवर्षे बोलणे चालते. त्यामुळे ही गोष्ट मला आपल्या सर्वांच्या कामाची वाटली.

आधी थोडे रंगाविषयी. कोणत्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक, रंगाची पूड. दोन, ती पूड भिंतीला किंवा लाकडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तीन, हे दोन्ही पातळ ठेवणारे द्रव, जे काम झाले की उडून जाते. आपल्या आजोबांच्या काळी वाड्याच्या भिंतींना चुना असे. चुना भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडी नीळ आणि सरस किंवा डिंक घालायचा आणि कुंचल्याने मारायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, म्हणून तो भिंतीला धरतो. दारे-खिडक्यांना बेलतेल. बेलतेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. ते पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याची साय धरते. त्यात सफेदा किंवा हुरमुंजी खलली की झाला तेलरंग, आणि पातळ करायला टर्पेंटाइन. म्हणजे रंगाची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. माळव्यात तर अलसीची शेते डोळ्यांसमोर होती. नव्हता तो तयार रंगाचा, झाकण उघडले की वापरता येईल असा, स्वदेशी डबा.

तयार डबे येत ते बहुतेक विलायतेतून, किंवा इंग्रजांनी इथे काढलेल्या कारखान्यांतून. कलकत्त्याजवळ हावड्याला शालिमारचा कारखाना १९०२ पासून होता. मुंबईत लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स निघाली, तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली. कलकत्त्यात १९२३ मध्ये हॅडफील्ड्स आली, तिची पुढे ब्रिटिश पेंट्स आणि नंतर बर्जर झाली. नावांवरूनच कळते, की मालक कोण होते. रंग लागायचा तो रेल्वेला, जहाजांना, पुलांना, साहेबाच्या बंगल्याला. गावातल्या माणसाला रंगाचा डबा विकावा असे या कंपन्यांना फारसे वाटले नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. जहाजे युद्धात गुंतली आणि बाहेरून येणाऱ्या रंगावर बंदी आली. अशा वेळी, १९४२ च्या फेब्रुवारीत, मुंबईत चार मित्रांनी रंग बनवण्याचे ठरवले. चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. चौघेही गुजराती. दोघांचे आडनाव चोकसी असले तरी ती घरे वेगळी. या चौघांत पुढाकार चंपकलालांचा, आणि त्यांचे वय होते अवघे सव्वीस. जागा कोणती? गिरगावातल्या गायवाडीतले एक गॅरेज.

गिरगाव म्हटले की इथल्या ज्येष्ठ मंडळींच्या डोळ्यांत चमक येते, हे मला दिसतेच आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आत्या-मावश्या तिथल्या चाळींत नांदल्या. याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. आणि ज्या वर्षी गायवाडीत रंग घोटायला सुरुवात झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथून फार लांब नसलेल्या गवालिया टँकच्या मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. मुंबईत असे वारे वाहत होते.

कंपनीला नाव काय द्यायचे? सांगतात असे, की चौघांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि त्यात जे नाव सापडले ते घेतले: एशियन ऑइल अँड पेंट कंपनी. मला यातली एक गोष्ट फार आवडते. चार भागीदार होते, पण चौघांपैकी एकाचेही आडनाव पाटीवर चढले नाही. 'चोकसी अँड सन्स' झाले नाही, 'दाणी ब्रदर्स' झाले नाही. पाटीवर ज्याचे नाव त्याचा मान मोठा, बाकीचे भागीदार असूनही पाहुणे. हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी, कदाचित नकळत, मिटवून टाकला.

माल तयार झाला, पण विकायचा कुठे? शहरातले मोठे व्यापारी विलायती कंपन्यांचे बांधलेले. ते या पोरांच्या डब्याला दुकानात जागा देईनात. तेव्हा हे लोक खेड्यांकडे आणि लहान गावांकडे वळले. या संदर्भात पोळ्याची गोष्ट हटकून सांगितली जाते. महाराष्ट्रातला शेतकरी पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो. त्याला रंगाचा मोठा डबा नको असतो, चार शिंगांपुरता रंग हवा असतो. मोठ्या कंपन्या मोठेच डबे विकत. यांनी लहान डब्या काढल्या. आपल्याकडेही चार दिवसांपूर्वीच पोळा झाला. इथल्या पंचांगात ती भादोंची अमावस, आपल्या पंचांगात श्रावणाची. आता बैल मातीचेच राहिले, पण पाटावर मांडून पुरणाचा नैवेद्य आपण अजून दाखवतो. त्या मातीच्या बैलांच्या रंगीत शिंगांकडे पाहताना एक ध्यानात घ्यावे, की आज देशातल्या सगळ्यात मोठ्या असलेल्या रंगाच्या कंपनीने आपली पावले ज्या बाजारात रोवली, त्यात बैलाच्या शिंगांचाही वाटा होता.

दुसरी युक्ती आपल्या मध्यमवर्गीय घरांसाठी. तेव्हा भिंतीला एक तर स्वस्त डिस्टेंपर, ज्याला हात लावला की हाताला पांढरे लागे आणि पाणी लागले की ओघळ येत, नाही तर महागडा तेलरंग. यांनी मधला मार्ग काढला. ओल्या फडक्याने पुसता येईल असे डिस्टेंपर, नाव ट्रॅक्टर. त्याची जाहिरातही गमतीची होती: टेंपर घालवू नका, ट्रॅक्टर डिस्टेंपर वापरा! लहान मुले असलेल्या घरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

आणि १९५४ मध्ये आला गट्टू. कपाळावर केसांची झुलपे, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात गळणारा डबा, चेहऱ्यावर नुकतीच खोडी केल्याचा भाव. काढला कोणी? आर. के. लक्ष्मण यांनी. चित्र तयार झाले, पण पोराला नाव नव्हते. कंपनीने लोकांकडूनच नावे मागवली, बक्षीस पाचशे रुपये. हजारोंनी पत्रे आली. मुंबईच्याच दोघांनी 'गट्टू' हे एकच नाव सुचवले होते, बक्षीस त्यांच्यात वाटले गेले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा पोरगा देशभरच्या दुकानांच्या पाट्यांवर उभा राहिला. माझ्या लहानपणी वडिलांचे बोट धरून सियागंजात गेलो की डब्यावरचे अक्षर वाचता येत नसताना मी गट्टू ओळखत असे. खेड्यातल्या न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाचेही तेच होते. तो दुकानदाराला म्हणे, "वो बच्चे वाला डब्बा दो."

१९५७ मध्ये कंपनीने भांडुपला मोठा कारखाना उभारला. आणि १९६७ साली, म्हणजे गॅरेजमधल्या सुरुवातीनंतर पंचवीस वर्षांनी, ती देशातली पहिल्या क्रमांकाची रंग कंपनी झाली. विलायती कंपन्या मागे राहिल्या. तेव्हापासून आजपर्यंत तो क्रमांक तिने सोडलेला नाही.

हे कसे साधले? नुसत्या जाहिरातीने नाही. चंपकलालांनी घाऊक व्यापाऱ्याची मधली पायरी काढून टाकली आणि माल थेट दुकानदाराला देण्याची पद्धत बसवली. ऐकायला हे सोपे वाटते. पण रंगाच्या दुकानाची अडचण मी जवळून पाहिली आहे. शंभर छटा, प्रत्येक छटेचे चार-पाच मापांचे डबे, त्यात तेलरंग वेगळा, डिस्टेंपर वेगळे. सगळे भरून ठेवायचे तर दुकानदाराचे भांडवल अडकते, आणि नाही ठेवले तर गिऱ्हाईक जाते. दिवाळीच्या आधी तर एखादी छटा संपली की संपलीच. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणती छटा किती खपेल याचा अंदाज आधी बांधता आला, तर माल वेळेवर पोचतो. त्यासाठी या कंपनीने १९७० च्या दशकात संगणक वापरायला सुरुवात केली. तेव्हा आपल्या कचेऱ्यांत टाइपरायटरच्या रिबिनीसाठीही अर्ज करावा लागे. पुढे अंकलेश्वर, पाटणचेरू, कासना असे कारखाने होत गेले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यात खंडाळ्याजवळही झाला. १९८२ मध्ये कंपनीचे शेअर जनतेला खुले झाले.

या सगळ्या काळात चारही घरांची दुसरी पिढी कंपनीत आली. पण एक पथ्य होते. येताना शिकून यायचे. अश्विन दाणींचेच उदाहरण घ्या. मुंबईत रसायन शिकून ते अमेरिकेत अ‍ॅक्रन विद्यापीठात गेले, पॉलिमर शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, तिथे नोकरी केली, आणि १९६८ मध्ये इथे येऊन रुजू झाले. संगणकाच्या मदतीने रंगाच्या छटा जुळवण्याचे तंत्र आणण्याचे श्रेय त्यांना देतात. मालकाचा मुलगा म्हणून खुर्ची मिळाली असेलही, पण त्या खुर्चीत बसून करायचे काम त्याला येत होते.

आता कठीण भाग.

१९९७ मध्ये चंपकलाल वारले. त्यांचे पुत्र अतुल चोकसी तेव्हा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. चार घरांत मतभेद झाले. कारणे वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आली. पण घरातल्या भांडणाचे खरे कारण बाहेरच्याने सांगू नये. अतुल चोकसींनी पद सोडले, आणि त्यांच्या घराने आपला वाटा, सुमारे नऊ टक्के शेअर, विकायला काढला. तो घेतला कोणी? आयसीआय या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने. म्हणजे ज्या विलायती रंगाच्या अभावातून ही कंपनी जन्मली होती, ती विलायत आता मागच्या दाराने आत येऊ पाहत होती. नऊ टक्के म्हणजे मालकी नव्हे, पण दारात पाय ठेवण्यापुरती जागा झाली असती.

उरलेली तीन घरे एकत्र आली. संचालक मंडळाने ते शेअर आयसीआयच्या नावावर करायला नकार दिला. बरेच महिने ओढाताण चालली. शेवटी ते शेअर उरलेल्या तीन घरांनी आणि युनिट ट्रस्टने मिळून विकत घेतले आणि आयसीआय बाजूला झाली. पुढे काय झाले पाहा. २००८ मध्ये ती आयसीआयच नेदरलँड्सच्या अक्झो नोबेलने गिळली. आणि गायवाडीच्या गॅरेजवाल्यांनी २००२ मध्ये सिंगापूरची बर्जर इंटरनॅशनल विकत घेतली होती. बर्जर हे लंडनमधले १७६० सालापासूनचे नाव. आपल्याकडची बर्जर पेंट्स इंडिया मात्र वेगळी, ती धिंग्रा बंधूंची.

बाहेर पडलेल्या चोकसी घराचे काय झाले, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्यांचाही उद्योग बुडाला नाही. अ‍ॅपकोटेक्स ही कृत्रिम लॅटेक्स बनवणारी कंपनी, जी मुळात एशियन पेंट्सचाच एक भाग होती, ती त्यांच्याकडे आहे आणि चालू आहे. वेगळे झाले, पण दोन्हीकडे चूल पेटती राहिली. आपल्या वाटण्यांत नेहमी असे होते का? आपल्याकडे मी पाहिलेल्या कितीतरी वाटण्यांत वाडा कोणालाच मिळाला नाही. तो पडला, आणि मग जागा बिल्डरला गेली.

तीन घरांनी पुढे आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. २००९ मध्ये त्यांनी कंपनीचा रोजचा कारभार पी. एम. मूर्ती यांच्याकडे सोपवला. मूर्ती हे चारपैकी कोणत्याही घरातले नव्हते, ते कंपनीत काम करत वर आलेले. त्यांच्यानंतर के. बी. एस. आनंद, आणि २०२० पासून अमित सिंगल, तेही बाहेरच्या घरातलेच. घरांकडे निम्म्याहून थोडी अधिक मालकी राहिली, संचालक मंडळात त्यांची माणसे राहिली, पण चालवायची खुर्ची ज्याला काम येते त्याला दिली. मुले नव्हती म्हणून दिली असे नाही. मुले होती. तरीही दिली.

आता मराठी घराचे एक उदाहरण, नाही तर तुम्ही म्हणाल हा सगळी गोष्ट गुजराथ्यांचीच सांगतो. आपल्या सर्वांच्या दप्तरात जी रंगपेटी होती, ती कॅमलची. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंदराव यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरुवात केली. आधी घोडा छाप, मग उंट. कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन. पुढच्या पिढीतल्या सुभाष दांडेकरांनी ग्लासगोला जाऊन रसायन आणि रंगाचे शिक्षण घेतले आणि १९६० च्या दशकात चित्रकलेचे रंग सुरू केले. २०११ मध्ये दांडेकरांनी जपानच्या कोकुयो कंपनीला निम्म्याहून अधिक हिस्सा दिला. त्या वेळी आपल्यातल्या बऱ्याच जणांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण आज तो उंट मुलांच्या दप्तरात आहेच. सुभाष दांडेकर २०२४ मध्ये गेले, तेव्हा माझ्या मुलीच्या टेबलावर त्यांच्याच रंगांची पेटी उघडी होती. काम आपल्यानंतरही चालू राहावे, यासाठी कधी कधी आपल्या हातातला कुंचला दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. दांडेकरांनी तो एका पद्धतीने दिला, एशियनवाल्यांनी दुसऱ्या.

हे सगळे मी का सांगतो आहे? कारण मला स्वतःला ते जमलेले नाही.

रामबागेकडे आमचा जुना वाडा आहे. पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तो समोरून तीन रंगांत आहे. उजवीकडचा तिसरा भाग पिवळा, तो माझा. मधला भाग पोपडे आलेला, तो माझ्या चुलतभावाचा, आम्ही त्यांना दादा म्हणतो. डावीकडचा भाग बंद, काकांची मुले पुण्याला स्थायिक झाली, तिथे आता फक्त कुलूप आहे. अकरा वर्षांपूर्वी दादांनी सुचवले होते, की तिघांनी मिळून दर्शनी भाग एकदम रंगवू, खर्च तीन ठिकाणी. मी इमारतींच्या कामाचा जाणकार. मी म्हटले, तुमच्या न्हाणीची ओल भिंतीत उतरते आहे, आधी ती दुरुस्त करा, नाही तर माझ्या पैशाचा रंग वर्षात सुटेल. दादांनी विचारले, दुरुस्तीचा खर्च कोणाचा? मी म्हटले, ज्याची न्हाणी त्याचा.

मंडळी, शास्त्र माझे बरोबर होते. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. आधी ओलीचे मूळ बंद करायचे, भिंत पूर्ण सुकू द्यायची, सुटे पोपडे खरवडायचे, लांबी भरायची, घासायचे, प्रायमर मारायचा आणि मग दोन हात रंग. यातली एक पायरी चुकवली तर सगळ्यात महागडा डबाही पहिल्या पावसाळ्यात फुगतो. मी नोकरीत ठेकेदारांना हे रोज सांगतो. पण ती न्हाणी आजोबांच्या वेळची होती. तिचा नळ वापरून आम्ही सगळेच वाढलो होतो. दुरुस्तीचा खर्च तीन ठिकाणी केला असता तर फार झाला नसता. ते मी म्हटले नाही. मी ठेकेदाराशी बोलावे तसे मोठ्या भावाशी बोललो. दुसऱ्या महिन्यात माझ्या भागाला मी पिवळा रंग देऊन घेतला. उत्तम दर्जाचा. त्या दिवाळीला वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या नाहीत.

या भाषणाची तयारी करताना १९९७ सालची हकिगत वाचली आणि मी बराच वेळ थांबलो. करोडोंचा व्यवहार, परदेशी कंपनी दाराशी, आणि तीन घरे एका टेबलाशी बसून ठरवतात, की आपसातले नंतर बघू, आधी भिंत वाचवू. आमच्याकडे ना परदेशी कंपनी, ना करोडो. एक न्हाणी होती.

या गोष्टीतून मी तीन मुद्दे घेतले, ते आपल्यासमोर ठेवतो. पटले तर घ्यावेत. पहिला, पाटीवर आपले आडनाव असण्याचा हट्ट धरू नये. हे आपल्या मंडळालाही लागू आहे. कोणत्या वर्षी कोण अध्यक्ष होते यापेक्षा गणपती दर वर्षी बसला, हे मोठे. दुसरा, वेगळे होण्याची वेळ आलीच तर होऊ नये असे नाही, पण भिंत पाडून वेगळे होऊ नये. तिसरा, काम ज्याला येते त्याला ते द्यावे, मग तो आपल्या घरातला नसला तरी. आपली मुले पुण्या-बेंगलुरूला गेली, अमेरिकेला गेली, आता मंडळ कोण चालवणार, अशी चिंता दर सभेत होते. पण मागे बसलेली ती चार मुले-मुली, जी सजावटीसाठी रात्री दोन वाजेपर्यंत जागली, त्यांपैकी दोघे आपल्या जुन्या घराण्यांतली नाहीत, आणि एकाची मातृभाषा तर मराठीही नाही. त्यांना कार्यकारिणीत घेतले तर आपले काही जाणार नाही. उलट आपल्यानंतरही इथे आरती होईल.

आणि माझ्या वाड्याचे? गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी दादांकडे गेलो. अकरा वर्षांत बारशा-लग्नापलीकडे गेलो नव्हतो. म्हटले, दादा, न्हाणीची दुरुस्ती तिघांत करू, पुण्याला मी बोलतो. पाऊस संपला की भिंत सुकायला महिनाभर तरी लागेल. दिवाळीला नाही जमले तर रंगपंचमीच्या आधी तरी रंगवू. दादा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "रंग कोणता?" मी म्हटले, तुम्ही सांगाल तो. ते म्हणाले, "तुझा पिवळा नको." वहिनी आतून हसल्या. अजून त्यांनी 'हो' म्हटलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण चहा झाला.

 प्रसाद थंड होतो आहे, म्हणून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!